परिचयाची सनद

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या आसपास मोबाइलच्या दुकानांची जी दाटी झाली आहे, तेथे दुरुस्तीच्या एखाद्या टेबलाशी घटकाभर उभे राहिले, तर बिनतारी इअरबड्सविषयीच्या तक्रारी ठरावीक शब्दांत कानी पडतात: ‘बड्स कनेक्टच होत नाहीत’, ‘एकच कान वाजतो’, ‘भावाच्या फोनला लागतात, माझ्या फोनला लागत नाहीत’. तक्रार घेऊन येणारा मनुष्य यंत्र बिघडले असे गृहीत धरूनच आलेला असतो, आणि ते यंत्र पुष्कळदा सर्वस्वी निर्दोष असते. उणीव असते ती एका साध्या भेदाच्या ज्ञानाची. ब्लूटूथच्या व्यवहारात ओळख होणे आणि जोडणी होणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली एकदाच होते व दोन्ही बाजूंच्या स्मृतीत तिची नोंद राहते, दुसरी दररोज, डबीचे झाकण उघडून बड्स बाहेर काढताच, त्या नोंदीच्या आधारे घडते. आणि बिघाड म्हणून जे दुकानात येते त्याचा फार मोठा भाग या दोहोंपैकी कोणती क्रिया अडली आहे हे न उमगल्यामुळेच उत्पन्न झालेला असतो.

बिनतारी ध्वनी या शहराला नवा नाही. देश स्वतंत्र झाला त्या वेळी संस्थानी मुलखात जी मोजकी नभोवाणी केंद्रे चालू होती, त्यांत म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम आणि हैदराबाद यांच्या पंक्तीला निजामाच्या राज्यातील औरंगाबादचेही केंद्र होते, व संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० साली ते आकाशवाणीच्या ताब्यात आले. मात्र त्या जमान्यात ऐकणे हीदेखील सरकारदरबारी नोंदवण्याची बाब होती. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये कोणतेही बिनतारी उपकरण परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा होता, आणि घरी रेडिओ असणाऱ्या गृहस्थास टपाल कचेरीत जाऊन, सालाबादची फी भरून, परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का उमटवून आणावा लागे. घरगुती रेडिओवरील हा परवाना १९८०च्या दशकात उठला. तथापि ध्वनिलहरी ग्रहण करणारेच नव्हे, तर स्वतः लहरी प्रक्षेपित करणारे यंत्र सामान्य माणसाने खिशात घालून मोकळेपणी हिंडावे, यासाठी आणखी काही वर्षे जावी लागली. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने नियम प्रसिद्ध करून २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा, शक्तीची मर्यादा घालून, परवान्याच्या बंधनातून मुक्त केला. आणि आज गुलमंडीपासून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जितके म्हणून इअरबड्स कानांत दिसतात, तितके सारे या एका सवलतीच्या आश्रयाने चालतात.

मुक्त मुलखाचा दोष असा की तेथे सर्वांचीच गर्दी होते. याच पट्ट्यात घराघरांतील वाय-फाय चालते, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच लहरींनी अन्न तापवते, आणि एका इमारतीत पन्नास बिऱ्हाडे असली तर त्या पन्नासांचीही यंत्रे एकाच वेळी बोलत असतात. या कोलाहलात दोन क्षुद्र शक्तीच्या यंत्रांनी एकमेकांचे बोलणे ऐकावे कसे, हा प्रश्न स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसन या अभियंत्यापुढे १९९४च्या सुमारास उभा राहिला, आणि त्याने त्याचे जे उत्तर योजले ते स्थिर न राहण्याचे होते. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ भाग केलेले असतात, व फोन आणि इअरबड हे दोघे सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी घेतात. म्हणजे एखादा भाग गोंगाटाने व्यापलेला असला तरी तेथे त्यांचा मुक्काम एका सेकंदाच्या सोळाशेव्या हिश्श्यापुरताच असतो, आणि हरवलेला तुकडा पुढील उडीत पुन्हा पाठवता येतो. उड्या घेण्याची ही कल्पना हार्टसनहून बरीच जुनी आहे; दुसऱ्या महायुद्धात चित्रपट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांनी शत्रूला पाणतीराच्या मार्गदर्शनात व्यत्यय आणता येऊ नये म्हणून ८८ कंप्रतांवर उड्या मारणाऱ्या संदेशयंत्रणेचे जे पेटंट १९४२ साली मिळवले, ते या विचारपरंपरेतील प्रसिद्ध दस्तऐवज होय. ८८ हा आकडा पियानोच्या पट्ट्यांचा.

आता या उड्यांचा क्रम कोणी ठरवायचा? येथे ओळखीचा विषय येतो, आणि माझ्या मते सगळ्या विद्येचा गाभा येथेच आहे. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. जोडणीत जो पक्ष यजमान असतो त्याचा पत्ता आणि त्याच्या अंतर्गत घड्याळाची गणती यांवरून उड्यांचा क्रम सिद्ध होतो, व दुसरा पक्ष आपले घड्याळ त्याच्याशी जुळवून घेऊन त्याच्या पावलावर पाऊल टाकतो. पण पावले जुळली एवढ्याने विश्वास उत्पन्न होत नाही. त्यासाठी प्रथम भेटीच्या वेळी, ज्याला आपण सर्रास ‘पेअर करणे’ म्हणतो त्या विधीत, दोन्ही यंत्रे गणिताच्या साहाय्याने एक सामाईक गुप्त किल्ली निर्माण करतात. २००७ सालच्या ब्लूटूथ २.१ आवृत्तीपासून रूढ झालेल्या पद्धतीचे वैशिष्ट्य हे की, ही किल्ली हवेतून कधी पाठवलीच जात नाही. दोघे आपापला अर्धा हिशेब उघड बोलतात, उरलेला अर्धा मनात ठेवतात, आणि दोघांचेही उत्तर एकच येते, चोरून ऐकणाऱ्याला मात्र ते काढता येत नाही. जुन्या दफ्तरपद्धतीत सनदेची मूळ प्रत धारकाजवळ व तिची नक्कल सरकारी दफ्तरात राहत असे, आणि दोन्ही ताडून पाहिल्यावाचून इनामदाराचा दावा मान्य होत नसे. तद्वतच ही किल्ली फोनच्या स्मृतीत आणि इअरबडच्या स्मृतीत अशी दोन ठिकाणी जतन होते, व पुढील प्रत्येक भेटीत दोन्ही प्रती जुळतात किंवा नाही याची क्षणार्धात पडताळणी होऊनच जोडणी सिद्ध होते.

एवढे ध्यानी घेतले की निम्म्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. कोणी वैतागून फोनच्या यादीतून बड्सचे नाव काढून टाकतो, पण बड्सच्या स्मृतीतील नोंद तशीच असते. कोणी बड्सवरील बटण दीर्घकाळ दाबून त्यांची स्मृती पुसतो, म्हणजे ‘रीसेट मारतो’, पण फोन जुनीच किल्ली उराशी धरून बसलेला असतो. अशा वेळी फोनच्या पडद्यावर चुकीचा पिन किंवा पासकी अशा अर्थाची सूचना येते, आणि ज्याने आयुष्यात या बड्ससाठी कोणताच पिन टाइप केलेला नाही असा मनुष्य चक्रावून जातो. त्या सूचनेचा खरा अर्थ एवढाच की दोन प्रती जुळत नाहीत. उपाय एकच आहे आणि तो क्रमाने करावयाचा आहे: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन बड्सचे नाव विसरावयास लावावे, मग बड्स डबीत ठेवून निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रीसेट करावेत, नंतर डबीवरचा दिवा लुकलुकू लागेपर्यंत त्यांना ओळखीच्या स्थितीत आणावे, आणि मग यादीत नव्याने उमटलेल्या नावावर बोट ठेवावे. अर्धे काम एका बाजूस व अर्धे दुसऱ्या बाजूस राहिले तर घोळ अधिकच वाढतो.

ओळखीच्या या विधीत इअरबड्सची एक स्वाभाविक दुर्बलता आहे, ती वापरणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावी. दोन फोन परस्परांशी जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते, व ती सारखी असल्याची खात्री करून माणूस संमती देतो. इअरबडला पडदा नाही आणि कळफलकही नाही, म्हणून तेथे अशी पडताळणी होऊ शकत नाही व बड्स कोणाचीही विनंती मुकाट्याने मान्य करतात. डबीवरचे बटण दाबणारा हात हाच काय तो मालकीचा पुरावा. म्हणून मध्यवर्ती बसस्थानकासारख्या गर्दीच्या जागी बड्स ओळखीच्या स्थितीत लुकलुकत ठेवू नयेत. नवी ओळख घरी, निवांत करावी. काही जुन्या मोटारींतील संगीतयंत्रे आजही चार आकडी पिन मागतात, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो; हा २००७च्या पूर्वीच्या पद्धतीचा अवशेष होय.

दुसरा घोळ स्मृती नष्ट झाल्याने होत नाही, ती अति शाबूत असल्याने होतो. बड्स डबीतून बाहेर पडताच ज्याच्याशी शेवटची जोडणी झाली होती त्याला प्रथम हाक मारतात, आणि तो ओ देईनासा झाला तरच यादीतील इतरांकडे वळतात किंवा हाक येण्याची वाट पाहतात. सिडकोतील एखाद्या दोन खोल्यांच्या घरात थोरल्या भावाने काल हे बड्स वापरले, आज धाकट्या बहिणीने ते कानात घातले, आणि भावाचा फोन पलीकडच्या खोलीत ब्लूटूथ चालू ठेवून पडलेला असला, तर बड्स निष्ठेने त्याच फोनला जाऊन मिळतात. बहिणीच्या फोनवर मात्र नाव दिसते पण जोडणी होत नाही. ‘दादा, तुझं ब्लूटूथ बंद कर ना!’ ही हाक आज घरोघरी ऐकू येते, आणि शास्त्रदृष्ट्या ती अगदी अचूक आहे. ज्या बड्समध्ये मल्टीपॉइंटची सोय असते ते दोन यंत्रांशी एकाच वेळी संबंध राखू शकतात, म्हणजे लॅपटॉपवर व्याख्यान ऐकत असता फोन वाजला तर आपोआप तिकडे वळतात. अ‍ॅपलची किंवा गूगलची जी खात्यावर आधारलेली सोय आहे, तिने एका फोनशी झालेली ओळख त्याच मालकाच्या इतर यंत्रांनाही कळवली जाते. परंतु ही सोय त्या त्या कंपनीच्या आवारापुरतीच असते. फोन एका घराण्याचा आणि संगणक दुसऱ्या घराण्याचा असला की मूळचा साधा मार्ग, म्हणजे प्रत्येक यंत्राशी स्वतंत्र ओळख, हाच खात्रीचा राहतो.

संगणकाशी जोडणी झाली म्हणजे जी निराशा पदरी येते तिचे विवेचन थोडे सविस्तर केले पाहिजे, कारण ती सर्वांना जाणवते आणि तिचे कारण फारच थोड्यांना ठाऊक असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात वकिली करणारा एखादा तरुण घरी बसून दूरदृश्य प्रणालीने सुनावणीस हजर राहतो. आदल्या रात्री त्याच बड्समधून त्याने गाणे ऐकलेले असते आणि ते उत्तम ऐकू आलेले असते. सुनावणी सुरू होताच मात्र सर्व आवाज एकाएकी विहिरीतून आल्यासारखा, खोल आणि बोथट होतो. बड्स तेच, संगणक तोच, मग हा फरक कोठून आला? ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत ध्वनी वाहून नेण्याचे दोन निरनिराळे करार आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. पहिला संगीताचा: त्यात ध्वनी एकाच दिशेने, यंत्राकडून कानाकडे, डाव्या व उजव्या अशा दोन प्रवाहांत जातो, आणि त्यासाठी सेकंदाला तीनशे किलोबिटांच्या आसपास जागा मिळू शकते. दुसरा संभाषणाचा: त्यात बड्सवरील माइकचा आवाज परत पाठवावयाचा असल्यामुळे तीच वाट दोन्ही दिशांना वाटून दिली जाते, प्रत्येक दिशेच्या वाट्याला ६४ किलोबिट येतात, दोन कानांचा भेद नाहीसा होतो, आणि ध्वनीचे नमुने सेकंदाला ८००० किंवा, सुधारलेल्या आवृत्तीत, १६००० एवढेच घेतले जातात, संगीतात हाच आकडा ४४१०० असतो. आठ हजारांचा हिशेब जुन्या तारेच्या टेलिफोनचा आहे, आणि म्हणूनच तो आवाज आपल्याला टेलिफोनसारखा भासतो. सुनावणीचे अ‍ॅप माइक मागते, संगणक पहिला करार मोडून दुसरा पत्करतो, आणि दर्जा घसरतो. यावर उपाय आहे, तोही बिनखर्चाचा: त्या अ‍ॅपच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी बड्स आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक अशी निवड करावी; बड्सचा माइक कोणी मागितला नाही म्हणजे पहिला करार अबाधित राहतो. काही संगणकांवर एकाच बड्सची ‘हेडफोन’ आणि ‘हेडसेट’ अशी दोन नावे दिसतात, ती याच दोन करारांची नावे होत.

दूरचित्रवाणी संचाचा प्रश्न निराळा आहे. घरात दहावी-बारावीचे विद्यार्थी असले आणि आजोबांना रात्रीची मालिका मोठ्या आवाजात पाहण्याची सवय असली, तर आजोबांच्या कानाला बड्स लावून देणे हा उभयपक्षी सुखाचा तोडगा होय. परंतु संचात ब्लूटूथने ध्वनी बाहेर पाठवण्याची सोय आहे काय हे आधी पाहावे, कारण काही संचांचे ब्लूटूथ केवळ रिमोटपुरते असते. सोय नसल्यास संचाच्या हेडफोनच्या छिद्रात बसणारा लहानसा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, त्याला व बड्सना शेजारी ठेवून एकाच वेळी ओळखीच्या स्थितीत आणले की ते आपसांत जुळतात. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हा अनुभव येथे येण्याचा संभव असतो, कारण ध्वनी आकुंचित करणे, तो पाठवणे आणि कानाशी पुन्हा उलगडणे यांत सेकंदाचा एक-दोन दशांश किंवा अधिक काळ सहज जातो. फोन हा विलंब ओळखून चित्रच तेवढे मागे ठेवतो. खेळाच्या अ‍ॅपला तसे करता येत नाही, कारण तेथे बोट पडताक्षणीच आवाज उमटावा लागतो.

एकच कान वाजण्याची तक्रार पुष्कळदा बिनतारी नसतेच. डबीच्या खोबणीत बारीक सोनेरी टोके असतात, त्यांच्या स्पर्शाने बड्स चार्ज होतात आणि आपण आता डबीत आहोत हेही त्यांना त्यातूनच कळते. कानातील मळ व खिशातील धूळ यांचा पातळ थर त्या टोकांवर साचला, की एक बड चार्ज होत नाही, किंवा डबीतून बाहेर पडल्याचे त्याला उमगत नाही. कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने ती टोके आणि बडवरील त्यांच्या समोरच्या चकत्या पुसल्या, की दुकानाची खेप वाचते. स्पर्श स्वच्छ असूनही दोष राहिला, तर दोन बड्सचा आपसांतील संबंध तुटलेला असतो, कारण मूळ पद्धतीत फोन एकाशीच बोलतो आणि दुसरा आपला वाटा जोडीदाराकडून घेतो किंवा त्याचे बोलणे शेजारून ऐकतो. रीसेट केल्याने ही जोडी पुन्हा जुळते.

अंतराविषयीही दोन शब्द. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि पाणी त्या शोषून घेते. मनुष्यदेह बव्हंशी पाण्याचाच असल्याने फोन आणि कान यांच्यामध्ये आडवी येणारी खरी भिंत आपण स्वतःच असतो. घरात हे जाणवत नाही, कारण भिंतींवरून परावर्तित होऊन लहरी वळसा घालून कानापर्यंत पोहोचतात. तोच मनुष्य पहाटे आमखास मैदानावर फेऱ्या मारू लागला, फोन विजारीच्या मागच्या खिशात असला, आणि आसपास परावर्तनाला काही उरले नाही, म्हणजे आवाज तुटू लागतो, व तो बड्सना दोष देतो. अशा वेळी फोन खिशातून काढून दंडाला बांधावा किंवा सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा.

जे दोन करार आणि जी एकाच कानाशी बोलण्याची अडचण वर सांगितली, ती दूर करणारी नवी पद्धत आली आहे. एलई ऑडिओ या नावाने तिचे विनिर्देश २०२२ साली पुरे झाले. तिच्यात दोन्ही कानांना स्वतंत्र पण एकतालात चालणारे प्रवाह मिळतात, एलसी३ हे ध्वनी आकुंचित करण्याचे नवे तंत्र कमी जागेत अधिक स्पष्ट आवाज देते, आणि संभाषणालाही संगीताच्या बरोबरीचा दर्जा लाभू शकतो. तिचाच एक भाग ऑराकास्ट. त्यात एक प्रक्षेपक असंख्य कानांना, प्रत्येकाशी स्वतंत्र ओळख न करता, एकाच वेळी ऐकवू शकतो. मला यातून सर्वाधिक आशा वाटते ती मंदश्रवणाच्या माणसांसाठी, कारण श्रवणयंत्रांनाही ही पद्धत लागू होते: संत एकनाथ रंगमंदिरात मागच्या रांगेत बसलेल्या वृद्ध प्रेक्षकाच्या कानात नटाचा शब्द थेट उतरावा, किंवा वेरूळच्या कैलास लेण्यापुढे मार्गदर्शकाने बोललेले मराठीत, हिंदीत व तेलुगूत ज्याला जे हवे ते त्याने निवडून ऐकावे, हे या तंत्राने शक्य आहे, आणि सार्वजनिक सभागृहे बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या खात्यांनी आपल्या अंदाजपत्रकात त्याचा विचार आतापासून करावा असे मला मनापासून वाटते. नवा संच घेणाऱ्याने मात्र हे पाहावे की फोन आणि बड्स या दोहोंनाही ही पद्धत येत असली तरच तिचा लाभ होतो; एकट्या बड्सवर तिचे नाव छापलेले असून भागत नाही.

जुना संच धाकट्या भावंडाला किंवा घरकामाच्या मावशींच्या मुलाला देताना बहुतेक लोक डबी तशीच हातावर ठेवतात. देण्यापूर्वी आपल्या फोनमधून, संगणकातून आणि दूरचित्रवाणी संचातून त्या बड्सचे नाव काढून टाकावे, कंपनीच्या खात्याशी ते बांधलेले असल्यास तेथूनही सोडवावेत, आणि अखेरीस बड्स रीसेट करून त्यांची स्वतःची यादी कोरी करावी. मग नव्या मालकाने झाकण उघडून, दिवा लुकलुकू लागला की आपल्या फोनवर त्यांचे नाव निवडावे.